नव्या संचातील जुनी फौज : बंद पडलेला वीरसंघ पुन्हा का उभा राहतो?

१/
मराठी नाटकांच्या जाहिरातींत एक शब्दप्रयोग वर्षानुवर्षे टिकून आहे : ‘नव्या संचात’. नाटक जुनेच, संहिता जुनीच, पण रंगमंचावरची माणसे नवी. २०१० मध्ये सुनील बर्वे यांच्या ‘सुबक’ संस्थेने ‘हर्बेरियम’ या उपक्रमात गाजलेली जुनी नाटके नव्या कलावंतांसह मोजक्या पंचवीस प्रयोगांसाठी उभी केली, तेव्हा प्रेक्षकांत दोन पिढ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. एक पिढी आठवणींशी ताडून पाहत होती, दुसरी प्रथमच पाहत होती.

अतिमानवी वीरांच्या संघाचे कॉमिक जेव्हा बंद पडून पुन्हा सुरू होते, तेव्हा नेमके हेच घडते. फरक इतकाच की नाटकात पात्रे तीच राहून नट बदलतात, कॉमिकमध्ये पात्रेच बदलतात. आणि मग प्रत्येक वाचक एकच गोष्ट पाहतो : या नव्या संचात जागा कोणाला मिळाली?

२/
हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा मार्गावरून रेल्वेरूळ ओलांडले की मनीषनगर लागते. एकेकाळची शहराची कड, आता सदनिकांची दाट वस्ती. अशा वस्तीत आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या एखाद्या वाचकाच्या कपाटात इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी ‘वेताळ’, अमर चित्र कथेचा ‘शिवाजी’ आणि राज कॉमिक्सचा हिंदी ‘नागराज’ एकाच गठ्ठ्यात बांधलेले सापडले, तर नवल वाटू नये.

या तीन पुस्तकांना जोडणारा एक धागा आहे. तो मुंबईतून निघतो, पुण्यातून जातो, दिल्लीला पोहोचतो आणि नागपुरात वाचला जातो. पण आधी थोडे मागे जावे लागेल.

३/
वीरसंघाचा जन्म १९४० सालचा. अमेरिकेत ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात ‘जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका’ प्रथम अवतरली. गंमत अशी की त्या अंकात संघ म्हणून कोणी लढतच नाही. फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकमन वगैरे मंडळी एका मेजाभोवती जेवायला बसतात आणि प्रत्येकजण आपापल्या पराक्रमाची गोष्ट सांगतो. जगातील पहिल्या वीरसंघाचे पहिले काम म्हणजे मेजवानी!

तरीही वाचक हरखले, कारण आजवर निरनिराळ्या अंकांत राहणारी माणसे एकमेकांना ओळखतात, हे त्यांना तिथे दिसले.

४/
दुसरे महायुद्ध संपले, वीरांची लाट ओसरली आणि १९५१ मध्ये सत्तावन्नाव्या अंकानंतर ही सोसायटी मावळली. मासिकाचे नाव बदलून त्यात घोडेस्वार काउबॉय आले.

नऊ वर्षांनी, १९६० मध्ये, संपादक ज्युलियस श्वार्ट्झ आणि लेखक गार्डनर फॉक्स यांनी तीच कल्पना पुन्हा बाहेर काढली. नाव मात्र बदलले. ‘सोसायटी’ हा शब्द श्वार्ट्झ यांना एखाद्या निवांत मंडळासारखा वाटे. ‘लीग’ म्हटले की अमेरिकन मुलांच्या डोळ्यांसमोर बेसबॉलचे सामने येत. म्हणून ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’. म्हणजे ज्या मालिकेला आपण मूळ समजतो, तीच मुळात एक पुनरारंभ होती. या प्रकारात ‘मूळ’ शोधायला गेले की पायाखाली आणखी एक जुना थर निघतो, उत्खननासारखा.

५/
आता या इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या पुनरारंभाकडे वळू.

सप्टेंबर १९६३ च्या अंकाने स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘एक्स-मेन’ सुरू केले. जन्मतःच विलक्षण शक्ती लाभलेली, म्हणून समाजाने दूर लोटलेली पाच तरुण मुले, आणि त्यांना शिकवणारे चाकाच्या खुर्चीतील प्राध्यापक झेवियर. कल्पना उत्तम होती, पण अंक खपेनात. मार्च १९७० च्या सहासष्टाव्या अंकानंतर नव्या कथा थांबल्या. काही महिन्यांनी मासिक परतले ते जुन्याच गोष्टी पुन्हा छापण्यासाठी. पाच वर्षे हा संघ जिवंतही नव्हता आणि मेलेलाही नव्हता.

६/
१९७५ मध्ये ‘जायंट-साइझ एक्स-मेन’चा पहिला अंक आला. लेखक लेन वाइन, चित्रकार डेव्ह कॉकरम. कथेत क्राकोआ नावाचे एक सजीव बेट आहे. ते चालतेबोलते, माणसांना गिळून त्यांची शक्ती शोषते. जुना संघ त्या बेटाच्या तावडीत सापडतो आणि त्याला सोडवायला झेवियर जगभर फिरून नवी माणसे गोळा करतो.

केनियातून स्टॉर्म, सोव्हिएत रशियातून कोलोसस, जर्मनीतून नाइटक्रॉलर, कॅनडातून वुल्व्हरिन, आयर्लंडचा बॅन्शी, जपानचा सनफायर आणि अमेरिकेतील अपाची जमातीचा थंडरबर्ड.

पूर्वीचे पाचही जण गोरे अमेरिकन होते, हे आठवले म्हणजे बदलाचे आकारमान कळते.

७/
या उदार कल्पनेमागचे कारण मात्र फारसे उदार नव्हते. निरनिराळ्या देशांतील वीर घेतले तर अंक परदेशांत विकता येतील, असा मार्व्हलच्या तत्कालीन व्यवस्थापनाचा हिशेब होता. पुढे ज्या मालिकेला वंशभेदाविरुद्धच्या लढ्याचे रूपक म्हणून गौरवले गेले, तिच्या पुनर्जन्माच्या टाचणवहीत निर्यातीचे गणित होते. इतिहासात असे पुष्कळदा होते. धर्मशाळा बांधणाऱ्याचा हेतू काही असो, पावसात वाटसरूला छप्पर मिळतेच.

८/
त्यानंतर लेखनाची सूत्रे ख्रिस क्लेअरमाँट या तरुण लेखकाकडे आली आणि त्याने ती १९९१ पर्यंत, सोळा वर्षे, सोडली नाहीत.

त्याने आरंभीच दोन धक्के दिले. सनफायर एका मोहिमेनंतर तडक निघून गेला, कारण त्याला या संघात रसच नव्हता. आणि पंच्याण्णवाव्या अंकात थंडरबर्ड मेला. नव्या संघाला जेमतेम सुरुवात झालेली, वाचकाने त्याचे नाव पुरते लक्षातही ठेवले नव्हते, आणि तो गेला.

९/
तो मृत्यू वाचकाला एक गोष्ट शिकवून गेला : इथे येणारा प्रत्येकजण टिकेलच, असे नाही.

जुन्या संघाबद्दल वाचकाला खात्री असते. सुपरमॅन मरणार नाही, कारण पुढच्या महिन्याचा अंक छापायचा आहे. नव्या संचाबद्दल तशी खात्री नसते. हे नवखे, अपरिचित सदस्य खरोखरच धोक्यात असतात, कारण त्यांच्यावाचून प्रकाशकाचे काही अडणार नसते. पुनरारंभाच्या आकर्षणाचा हा एक मोठा भाग आहे : नावाची पुण्याई जुनी आणि जिवाची भीती नवी.

अर्थात, सात जणांतून मरायला नेमका आदिवासीच कसा निवडला गेला, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही. पुढे मात्र पुष्कळदा विचारला गेला, आणि तो विचारणे रास्तच आहे.

१०/
दुसरा भाग घरगुती आहे. एकटा वीर म्हणजे मनातील इच्छा, संघ म्हणजे घर. क्लेअरमाँटने शत्रूंपेक्षा या घरातील रुसवेफुगवे अधिक मन लावून लिहिले. कोणाचे कोणाशी पटत नाही, कोण कोणापासून काय लपवते, कोण रात्री एकटे बसते. वुल्व्हरिनचा सायक्लॉप्सवरचा राग चार अंकांत मिटला नाही, वर्षानुवर्षे चालला. १९८० मध्ये जीन ग्रेचा मृत्यू आला तेव्हा वाचकांनी तो घरातल्या माणसाचा मानला, याचे कारण लढाई नव्हती. आधीच्या पाच वर्षांची संथ, रोजची ओळख होती.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

११/
आता आपल्याकडे येऊ. भारतात अशा वीरांचे दार प्रथम उघडले मुंबईने. मार्च १९६४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या बेनेट कोलमन कंपनीने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. इंग्रजीबरोबरच हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांत. ली फॉक यांचा ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ झाला आणि पाहता पाहता मराठी मुलांच्या घरचा झाला.

संपादकांनी त्यासाठी कात्रीही चालवली होती. मूळ कथेतील ‘बेंगाला’ हा प्रदेश भारतीय वाचकाला भलत्याच ठिकाणी नेऊ नये म्हणून ‘डेंकाली’ केला गेला. चाच्यांच्या टोळीच्या नावातील ‘सिंग’ हा भाग ‘सिंगा’ झाला. परदेशी वीराला पासपोर्ट मिळण्यापूर्वी त्याच्या कागदपत्रांत दुरुस्त्या कराव्या लागल्या, त्या अशा.

१२/
इंद्रजालच्या पानांवर हळूहळू मोठी फौज जमली. वेताळ, जादूगार मॅण्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, आणि डिसेंबर १९७६ पासून आबिद सुरती यांचा अस्सल भारतीय ‘बहादुर’. पण हे सगळे एकाच छताखाली राहूनही एकमेकांचे कोणी नव्हते. या आठवड्यात वेताळ, पुढच्या आठवड्यात मॅण्ड्रेक. चाळीतल्या शेजाऱ्यांइतकाही घरोबा नाही.

कारण साधे होते. बहादुर वगळता यातील बहुतेकांची मालकी अमेरिकेतील ‘किंग फीचर्स’कडे होती. मुंबईच्या संपादकाला त्यांच्या गोष्टी छापता येत, भाषांतरित करता येत. त्यांना एकत्र बसवून नवी गोष्ट रचता येत नसे. वेताळ आणि बहादुर यांनी मिळून चंबळच्या डाकूंचा बंदोबस्त करावा, हे त्या काळच्या कित्येक मुलांनी मनात रचलेले कथानक असेल. ते कागदावर उतरणे व्यवहारतः अशक्य होते.

१३/
खुद्द ली फॉक यांनी मात्र एकदा ही भिंत ओलांडली. १९७७ मध्ये वेताळ आणि डायना यांचे लग्न झाले तेव्हा पाहुण्यांत मॅण्ड्रेक आणि लोथार हजर होते. दोन्ही पात्रांचा जन्मदाता एकच, म्हणून हे आमंत्रण जमले. पण लग्नाला येणे वेगळे आणि घर चालवणे वेगळे.

एप्रिल १९९० मध्ये इंद्रजाल कॉमिक्स बंद झाले. एकूण आठशेहून अधिक अंक, आणि एकही वीरसंघ नाही.

१४/
संघ उभा राहण्यासाठी आधी सर्व वीर एकाच मालकाचे असावे लागतात. हे भाग्य भारतात ज्या प्रकाशनांना लाभले, त्यांत सर्वाधिक गाजले ते दिल्लीचे राज कॉमिक्स. राजा पॉकेट बुक्स या स्वस्त कादंबऱ्या छापणाऱ्या घराण्याची ही शाखा. १९८६ मध्ये त्यांनी ‘नागराज’ आणला. लेखक परशुराम शर्मा.

आणि चित्रे? चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीक यांची.

१५/
इथे जरा थांबले पाहिजे, कारण या नावाची दखल मराठीत जेवढी घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही.

प्रताप मुळीक हे अमर चित्र कथेच्या आघाडीच्या चित्रकारांपैकी एक. इंद्रजालच्या पहिल्या दिवसांत तिथे काम केलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली आणि तिच्याभोवती राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांची एक फळीच उभी राहिली. त्यातील ‘शिवाजी’ मुळीक यांच्या कुंचल्याचा. भारतभरच्या मुलांच्या मनात शिवाजी महाराजांचा जो चेहरा ठसला, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

१६/
त्यानंतर १९८० च्या दशकात मुळीक यांनी ‘सुप्रीमो’ रंगवला. हा वीर म्हणजे साक्षात अमिताभ बच्चन. दिवसा चित्रीकरण, फावल्या वेळात जगाचे रक्षण, सोबतीला शाहीन नावाचा ससाणा. प्रकाशक इंडिया बुक हाउस, कथांसाठी सल्लागार गुलजार. आज हे वाचताना हसू येते, पण तेव्हा ही बाब गंभीर होती : भारतीय वीर दिसतो कसा, हे ठरवण्याचे काम चालू होते आणि ते एका मराठी माणसाच्या हातून चालू होते.

मग आला नागराज. हिरव्या खवल्यांच्या अंगाचा, मनगटांतून साप सोडणारा. त्याची छाती, त्याचे खांदे, उभे राहण्याची ढब पाहा. त्यात अमेरिकन वीरांपेक्षा अमर चित्र कथेतील कृष्णार्जुनांचा वारसा अधिक दिसतो. पुराणातून थेट दहशतवादविरोधी लढाईत उतरलेले हे शरीर. नागराजची गोष्टही तशीच : प्राध्यापक नागमणीने त्याला विकाऊ शस्त्र म्हणून घडवले आणि बाबा गोरखनाथांनी त्याला त्या गुलामीतून सोडवले.

१७/
पुढे दिलीप कदम यांनी ‘भोकाल’ आकारला आणला. विठ्ठल कांबळे आणि इतर मराठी चित्रकारही या घराण्यासाठी राबले. वीर हिंदी बोलत होते, पण त्यांच्या देहांना आकार देणारे बरेच हात मराठी होते.

मराठी वाचकाने यावर अभिमान बाळगावा की हळहळावे, हे ठरवणे कठीण आहे. उत्तम चित्रकार होते, शिवकालापासून शहरी दंगलींपर्यंत कथांना तोटा नव्हता, मुंबईसारखी प्रकाशनाची पेठ होती. तरी मराठीत स्वतःचा असा वीरसंघ कोणी उभा केला नाही. हिंदी बाजारपेठेचा विस्तार मोठा, म्हणून पैसा तिकडे. हे उत्तर बरोबर असले तरी पुरेसे वाटत नाही. बहुधा आपल्याकडे कॉमिक हा मुलांचा वेळ घालवण्याचा प्रकार मानला गेला आणि मुलांसाठीची प्रतिभा कथा-कादंबरीकडे वळली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे शब्दांत जितका जिवंत झाला, तितका कोणताही मराठी वीर चित्रमालिकेत झाला नाही.

१८/
राज कॉमिक्सने हळूहळू शहरे वाटून दिली. अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव (१९८७, ‘प्रतिशोध की ज्वाला’) राजनगरचा. त्याच्याकडे कोणतीही अमानुषी शक्ती नाही. सर्कशीत वाढलेला, बुद्धीवर लढणारा. परमाणू दिल्लीचा. आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी आलेला डोगा मुंबईचा : कुत्र्याचा मुखवटा, हातात बंदुका आणि गुन्हेगाराला जिवंत सोडण्यावर अविश्वास.

नागराज आधी जगभर भटकत होता. १९९० च्या दशकात तो अनुपम सिन्हा यांच्या हाती आला आणि ‘महानगर’ नावाच्या शहरात स्थिरावला. ‘राज’ या नावाने नोकरी करू लागला. शरीर तेच, आयुष्य नवे. जाहिरात न करता केलेला हा पुनरारंभच होता, आणि जुन्या-नव्या नागराजपैकी खरा कोणता, यावर वाचकांत आजही दोन तट आहेत.

१९/
वीर एकाच मालकाचे असल्यामुळे जे इंद्रजालला जमले नाही ते इथे जमले. १९९० च्या दशकाच्या आरंभी नागराज आणि ध्रुव एकत्र आले. मग जाड विशेषांक निघू लागले. २००० च्या सुमारास ‘कोहराम’मध्ये नागराज, ध्रुव, डोगा, परमाणू, शक्ती ही सारी मंडळी एकत्र लढली आणि त्यांच्या संघाला नाव मिळाले : ब्रह्मांड रक्षक.

या भेटींचा खरा रस शत्रूत नव्हता. ध्रुव कोणाला मारत नाही, डोगा मारल्याखेरीज राहत नाही. या दोघांना एका पानावर आणले की शत्रू येण्याआधीच पेटते. ‘ग्रीन पेज’ या वाचकांशी गप्पांच्या पानामुळे वाचकालाही आपण त्या भांडणातले पंच आहोत असे वाटे.

२०/
आता नागपूर. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. त्या प्रांताचा कारभार हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांत चाले. राज्य पुनर्रचनेने विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पण शहराच्या जिभेवरून हिंदी उतरली नाही. ‘नवभारत’सारखे हिंदी दैनिक १९३० च्या दशकात इथेच जन्मले. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि दोन्हींचे मिश्रण मित्रांत.

म्हणून पुण्यातल्या मुलाला नागराजपर्यंत पोहोचायला भाषेची एक पायरी चढावी लागे. नागपूरच्या मुलाला ती पायरी दिसतही नसे. पुण्यात काढलेले चित्र दिल्लीत छापून नागपुरात वाचले जात होते, आणि वाचणाऱ्याला ते परके वाटत नव्हते.

२१/
ते वाचले जात होते बहुतेक किरायाने. विकत घेण्याची ऐपत असणारी मुले थोडी. दुकानात दोरीवर लटकवलेले अंक, दिवसाचा अल्प भाव, पाने दुमडली तर बोलणी. या व्यवस्थेत एक गोष्ट हमखास होई : दोन भागांच्या कथेचा पहिला भाग कोणीतरी नेलेला असे. पुष्कळ मुलांनी शेवट आधी वाचला आणि आरंभ महिन्याभराने. काहींना आरंभ कधीच मिळाला नाही.

पुनरारंभाचे सर्वांत साधे आकर्षण इथे उघड होते. मुखपृष्ठावरचा ‘अंक १’ हा आकडा वाचकाला सांगतो : या वेळी तुझे काही हुकलेले नाही.

२२/
प्रकाशकांना ही भूक ठाऊक होती आणि त्यांनी तिचा गैरफायदाही घेतला. १९९१ मध्ये क्लेअरमाँट आणि जिम ली यांचा नवा ‘एक्स-मेन’ अंक १ पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांसह निघाला आणि ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या. हा विक्रम आहे. पण त्यांतील कितीतरी प्रती पुढे भाव चढेल या आशेने कपाटात ठेवण्यासाठी घेतलेल्या होत्या. काही अंकांतच क्लेअरमाँट मालिका सोडून गेला. सट्टा फुटला, दुकाने बुडाली आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हल कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

डीसीने २०११ मध्ये एकदम बावन्न मालिका ‘अंक १’ पासून सुरू केल्या. त्यात सुपरमॅनचे लग्नच पुसून टाकले. पाच वर्षांत ते परत आणावे लागले. आठवणींवर सरसकट पांढरा रंग फासला की जुना वाचक दुखावतो आणि नव्यालाही घर रिकामे वाटते.

२३/
१९७५ चा संघ टिकला, कारण त्याने जुने पुसले नाही, शेजारी नवे बसवले. इतके की २०१९ मध्ये जोनाथन हिकमन याने ‘एक्स-मेन’चा आणखी एक पुनरारंभ केला, तेव्हा त्याने ते माणसे गिळणारे क्राकोआ बेट परत आणले आणि त्यालाच या बहिष्कृतांचा देश केले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा राक्षस आता मायभूमी होता. जुन्या वाचकाच्या अंगावर काटा यावा आणि नव्याला काहीच अडू नये, अशी ही योजना.

२४/
मग भारताला जागा केव्हा मिळाली? १९७५ च्या त्या जगभर फिरलेल्या यादीत भारत नव्हता. तो आला २००० मध्ये. क्लेअरमाँट परतला, मालिका पुन्हा नव्याने मांडली गेली आणि तीत कोलकात्याचा नील शारा हा तरुण दाखल झाला.

त्याचे वीरनाम ठेवले होते ‘थंडरबर्ड’. पंचवीस वर्षांपूर्वी मेलेल्या अपाची वीराचे नाव. इंग्रजीत दोघांनाही ‘इंडियन’ म्हणतात, कोलंबसाच्या चुकीमुळे. त्या चुकीची सावली पाचशे वर्षांनी एका कॉमिकच्या हजेरीपटावर पडली. नील शारा फार काळ आघाडीवर राहिला नाही.

२५/
इकडे २०२० नंतर राज कॉमिक्सचे काम संस्थापक गुप्ता कुटुंबातील भावांच्या नावांनी वेगवेगळ्या शाखांत विभागले गेले. जुने अंक पुन्हा छापले जाऊ लागले, चांगल्या कागदावर, संग्राहकांच्या किमतीत. किरायाच्या दुकानात ज्याचा पहिला भाग हुकला होता तो मुलगा आता मनीषनगरातल्या आपल्या सदनिकेच्या पत्त्यावर दोन्ही भाग एकत्र मागवू शकतो. त्याच्या घरातील पुढची पिढी मात्र हिंदी कॉमिकपेक्षा पडद्यावरून या जगात शिरली आहे.

२६/
१ जून २०२३ ला ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला. त्यात निरनिराळ्या विश्वांतील शेकडो कोळी-वीरांचा एक अवाढव्य संघ आहे आणि त्यात एक आहे पवित्र प्रभाकर. हा मुलगा प्रथम २००४ मध्ये ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ या कॉमिकमध्ये आला होता, खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला, धोतरासारखा पोशाख घालणारा. ती छोटी मालिका संपली आणि तो जवळजवळ विसरला गेला. एकोणीस वर्षांनी तो परतला, केस वाढलेले, वागण्यात ऐट आणि पाठीशी मुंबईची गर्दी घेऊन.

चित्रपटाच्या त्या दहा भाषांत मराठी होती.